उशिरा एमबीबीएसला निघालात? मग या चुका टाळा

माझ्या फॉर्म भरायच्या दुकानात पंचविशी ओलांडलेला कुणी आला की पहिला प्रश्न ठरलेला, "वय चालतं ना?" चालतं. नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, वरची वयोमर्यादा २०२२ मध्येच काढली आणि किती वेळा बसायचं यावरही बंधन नाही. एवढं ऐकलं की माणूस खूश होतो, म्हणतो भरा फॉर्म. मी म्हणतो, आधी बारावीची मार्कशीट दाखवा. ती घरी असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. बी.एस्सी.ला किती पडले याच्याशी एमबीबीएसच्या प्रवेशाला काही देणंघेणं नाही, यादी नीटच्या गुणांवर लागते. पण बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. एकूण टक्केवारी नाही, फक्त या तिघांची.

२०२३ च्या जुलैतली गोष्ट. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा. दोन वर्षं रात्रपाळ्या सांभाळून अभ्यास केलेला, आणि नीटला खरंच चांगले गुण. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता. मार्कशीट जुनी, ६५० गुणांची. त्यात ३९६, म्हणजे जवळजवळ ६१ टक्के. "काका, पन्नासची अट आहे ना, मला एकसष्ट आहेत." मी पेन्सिल घेऊन तीन विषयांची बेरीज केली. ३०० पैकी १४३. परत केली, तेवढीच. मराठी ७६, इंग्रजी ६८, गणित ६५, आणि ५० गुणांच्या पर्यावरणात ४४. याच चौघांनी त्याला साठीच्या वर नेऊन बसवलं होतं. नीटचा निकाल बारावीची मार्कशीट तपासून लागत नाही, त्यामुळे दोन वर्षांत कुणी अडवलंच नाही. बराच वेळ गप्प बसून त्याने विचारलं, "पर्यावरण नाही का धरता येणार?"

सात गुण कमी होते. पुढचं वर्ष एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेतून, बारावी परत देण्यात गेलं. इथल्या प्रवेशाला नीटचे गुण त्याच वर्षापुरते चालतात, म्हणून नीटही परत. २०२४ ला कट-ऑफ असा चढला की एमबीबीएसची सरकारी जागा हुकली. आता बीएएमएस करतोय, भेटला की बोलतो. पण ते पेढे मला गोड लागले नाहीत. तेव्हापासून दुकानात माझा नियम आहे: झेरॉक्सवर पेन्सिलने बेरीज, मग बाकीचं बोलणं. क्लासवाले फी घेताना ही बेरीज का करत नाहीत, ते त्यांनाच ठाऊक.

दुसरं दुखणं कास्ट व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्याचं. राखीव गटातून प्रवेश घेणाऱ्यांसाठी हे. शाळेतून सरळ आलेल्या मुलांचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेज पाठवतं. तुम्ही कॉलेज सोडून आठ वर्षं झालेली, तुमच्यामागे कुणी लागत नाही. निकाल लागल्यावर धावाधाव करून व्हॅलिडिटी मिळत नसते, समितीला महिने लागतात. वडिलांची, आजोबांची शाळेची नोंद शोधण्यातच किती फेऱ्या होतात. नीटचा अभ्यास सुरू करायच्या आठवड्यातच हे काम काढा. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेयर दोन काढून ठेवा. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याचं आणि ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्क्यांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं. एकावर दोन्हीकडे भागत नाही, आणि दरवर्षी निदान एक जण यावर माझ्याशी भांडतो.

लग्न झालेल्या मुलींनी नीटच्या फॉर्मवर दहावीच्या सनदेवरचंच नाव टाकावं. आधारवर सासरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये हवा. शिक्षणात मध्ये खंड पडला त्याचं, म्हणजे गॅपचं, प्रतिज्ञापत्र लागतं. मधला कोर्स अर्धवट सोडला असेल तर तिथे अडकलेली टीसी आजच सोडवून आणा.

बी.एस्सी. झालेल्यांनी बायोलॉजी येतं म्हणून एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं सोडू नयेत. ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, आणि प्रश्न त्या पुस्तकांतल्या ओळींवर येतात. तुमच्या सेमिस्टरच्या नोट्स कपाटात राहू द्या.

प्रवेश फेरीत कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना लोक उगाच हुशारी करतात. "मुंबईचं वर टाकलं तर खालचंही जाईल" म्हणून मिळेल असं वाटणारं कॉलेज पहिलं टाकतात. असं काही जात नाही. यंत्रणा तुमच्या क्रमांकावर वरून खाली बघत येते आणि जे पहिलं बसेल ते देते. म्हणून हवं ते वर, आणि यादी लांब. पाच कॉलेजं भरून रिकाम्या हाताने परतलेले मी बघितलेत. आणि स्टेटस रिटेन्शन फॉर्म घाईत भरू नका. भरला की जागा पक्की होते, पण पुढच्या फेऱ्यांत तुमचं नाव धरत नाहीत.

राहिला "डायरेक्ट ॲडमिशन"वाला. तुमचं वय झालेलं, गुण बेताचे, घरचे टोचतायत, हे त्याला तुमच्या चेहऱ्यावरून कळतं. मॅनेजमेंट कोट्याची जागासुद्धा नीट आणि सरकारी फेऱ्यांतूनच भरते. बाहेरून देतो म्हणणारा खोटं बोलतोय, मग तो मामाच्या ओळखीचा का असेना. परदेशात जायचं असलं तरी आधी नीट उत्तीर्ण व्हावंच लागतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत वर १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याजोगी पदवी हवी. परत आल्यावर परीक्षा आणि इथली इंटर्नशिप आहेच. एजंटाच्या रंगीत पत्रकात यातलं काय छापलंय ते ओळीवर बोट ठेवून त्याला विचारा. मी विचारायला लावलं तेव्हा एक जण चहा अर्धा टाकून उठला होता, चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.