तालुक्यातल्या संस्थेसाठी निधी : आधी फाइल, मग बजेट, प्रपोजल शेवटी

ग्रामीण संस्थेत निधी उभारणीचं काम नव्याने अंगावर आलं की माणूस आधी जुनी प्रपोजलं मागवतो आणि त्यातली वाक्यं उचलायला लागतो. तसं करू नका. धडगाव, अक्कलकुवा, मोखाडा, एटापल्ली अशा तालुक्यांतून गेलेला अर्ज भाषेमुळे क्वचितच अडतो. तो अडतो कागदपत्रांच्या छाननीत, आणि तिथून सुटला तर बजेटात.

फाइलमध्ये नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, पॅन, आयकर खात्याची 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रं, स्वयंसेवी संस्थांची नोंद होते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक आणि तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब लागतात. कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचा पैसा, हवा असेल तर सीएसआर-1 फॉर्म भरून मिळणारा क्रमांकही लागतो. त्यासाठी साधारणपणे 12ए, 80जी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून नव्या संस्थेने सुरुवातीलाच सीएसआरच्या मागे धावू नये. 80जीची मान्यता मुदतीची असते. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज गेला पाहिजे. ही तारीख ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवा.

या फाइलमधला सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट 1चा उतारा, म्हणजे विश्वस्त कोण आहेत याची अधिकृत नोंद. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. अनेक संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात. मग उताऱ्यावर नाव असतं हयात नसलेल्या अध्यक्षांचं, बँकेत सही चालते नव्या सचिवांची, आणि करारावर तिसऱ्याच माणसाची सही येते. छाननी करणाऱ्याला गावातली परिस्थिती माहीत नसते; त्याच्यासमोर फक्त तीन न जुळणारी नावं असतात. अर्ज प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच आणि ठरावाची प्रत उताऱ्याला जोडा, आणि कुणी विचारायच्या आधीच एका परिच्छेदात खुलासा द्या.

आता बजेट. हे प्रपोजलच्या आधी करायचं, कारण काम खरोखर कसं चालणार हे बजेट करतानाच कळतं. समजा, 12 पाड्यांवर मुलांचे अभ्यासवर्ग चालवायचे आहेत, प्रत्येक वर्गात 25 मुलं. प्रत्येक पाड्यावर एक शिक्षणमित्र, मानधन महिना 5,000 : वर्षाचे 7,20,000. दोन पर्यवेक्षक, 18,000 पगार : 4,32,000. साहित्य वर्गाला 6,000 : 72,000. या 14 जणांचं सहा दिवसांचं प्रशिक्षण, माणशी रोज 350 : 29,400. प्रवास इथे नीट मोजा. एक पर्यवेक्षक महिन्याला 15 दिवस फिरणार, दिवसाला 60 किलोमीटर, म्हणजे 900 किलोमीटर. पाच रुपये दराने 4,500, दोघांचे 9,000, वर्षाचे 1,08,000. नवीन माणूस इथे हमखास ‘प्रवास : 20,000’ असा ठोक आकडा लिहितो. ते पैसे तिसऱ्या महिन्यात संपतात. मग पर्यवेक्षक लांबच्या पाड्यावर जाणं बंद करतो, आणि सर्वांत दूरचा वर्ग सर्वांत आधी ढेपाळतो.

हिशेबनिसाचा पगारही धरा. त्याचा महिन्याचा पगार 15,000 असेल आणि 30 टक्के वेळ या कामाला जात असेल, तर वर्षाचे 54,000. एकूण झाले 14,15,400, म्हणजे 300 मुलांमागे दर मुलाला 4,718. हा भागाकार फंडर करतोच. म्हणून तो आपणच करून, पाडे विखुरलेले असल्याने प्रवासाचा वाटा का मोठा आहे, ते खाली लिहावं.

‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही. हे नम्रपणे पण स्पष्ट बोला, कारण हिशेबनीस, ऑडिट, भाडं यांचे पैसे दरवर्षी सोडून देणाऱ्या संस्था आतून पोखरत जातात. परदेशी निधीची गोष्ट वेगळी : त्याला लागू असणाऱ्या एफसीआरए कायद्यात 2020च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

बांधकाम किंवा यंत्रसामग्री असेल तर आणखी एक पायरी. सीएसआरच्या पैशातून झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेली संस्था, लाभार्थ्यांचा बचत गट किंवा सार्वजनिक यंत्रणेच्या नावावर करावी लागते. पाण्याची टाकी ग्रामपंचायतीच्या जागेवर बांधायची तर ठराव आधी घ्या. त्यात जागेचा गट क्रमांक आणि देखभाल कोण करणार हे दोन्ही असू द्या. नुसतं ‘हरकत नाही’ असं लिहिलेलं पत्र पुढे उपयोगी पडत नाही.

फेब्रुवारीत एखादी कंपनी ‘31 मार्चच्या आत खर्च करून यूसी (निधी वापरल्याचं प्रमाणपत्र) द्या’ म्हणाली, तर एकच प्रश्न विचारा : हा प्रकल्प संचालक मंडळाने चालू प्रकल्प (ऑनगोइंग प्रोजेक्ट, म्हणजे एका वर्षापेक्षा जास्त चालणारा) म्हणून मंजूर केलाय का? केला असेल तर उरलेली रक्कम कंपनीला 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. नसेल, तर पाच आठवड्यांत प्रामाणिकपणे होईल तेवढंच काम घ्या. करारातली सुरुवातीची तारीखही पहिला हप्ता जमा होण्याशी जोडा. एप्रिलपासून माणसं नेमली आणि पैसे जुलैत आले, तर ते तीन महिने कुणाच्या खिशातून जाणार?

खर्चाच्या बाबतीत : एका दिवसात एकाच व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, आयकराच्या हिशेबात तो खर्च धर्मादाय कामावरचा धरला जात नाही. आठवडी बाजारातल्या खरेदीला छापील बिल मिळत नाही. व्हाउचरवर वस्तू, नग, दर, विक्रेत्याचं नाव आणि सही त्याच दिवशी घ्या. ‘किरकोळ साहित्य 1,850’ असं व्हाउचर ऑडिटमध्ये परत येतं.

प्रपोजलमधला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तुमच्या तालुक्याचं वर्ष. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, मुलंही सोबत जातात. बारा महिने 300 हे लक्ष्य लिहिलं तर जानेवारीच्या अहवालातली 180ची हजेरी अपयश दिसते. म्हणून पटावर 300, स्थलांतराच्या महिन्यांत अमुक, आणि मागे राहिलेल्या मुलांची राहण्याची सोय आजी-आजोबांकडे की वसतिगृहात, हे पाडानिहाय तक्त्यात लिहा. हा तक्ता ऑफिसात बसून होत नाही. ऑगस्टमध्ये शिक्षणमित्रांना घरोघरी पाठवा, मुकादमाची उचल (ऊसतोडीसाठी आगाऊ रक्कम) कोणी घेतली ते विचारायला सांगा. कोणती मुलं जाणार याचा अंदाज तिथेच येतो.