पिकअपचा स्पीड सेन्सर : गाडीखाली शिरण्याआधीची तयारी

गिअरबॉक्सवर बसून मीटरला वेग कळवणारा स्पीड सेन्सर बदलायचाय? ओ-रिंग आधी आणा. सेन्सर, पाने, जॅक, सगळं नंतर. गेल्या वेळी बाकीचं सगळं जमवलं होतं आणि तेवढी एक रबरी कडी राहिली. चपटी झालेली जुनीच पुन्हा चढवली आणि नव्या कोऱ्या सेन्सरच्या कडेने गिअर ऑइल पाझरत राहिलं. बऱ्याच सेन्सरबरोबर ती पाकिटातच येते, पण सुटा सेन्सर घेतला तर येईलच असं नाही. दुकानातच पाकीट फोडा, सेन्सरच्या मानेवरच्या खाचेत कडी आहे का ते बोट फिरवून बघा. नसेल तर जुन्या सेन्सरच्या मापाची, गिअर ऑइल सोसणारी नायट्रील रबराची मागून घ्या. दोन घ्या. नळाच्या दुकानातली कसलीही रिंग बसवू नका, सगळीच रबरं तेलात टिकत नाहीत, काही फुगून सैल पडतात. काम रविवारी काढणार असाल तर ट्रान्सपोर्ट नगरच्या दुकानांची चक्कर शनिवारीच मारून या. गाडी जॅकवर आणि कडी दुकानात, असं व्हायला नको.

पण दुकानात जायच्या आधी निदान. वेगाची सुई शून्यावर पडून राहिली, नाहीतर खड्ड्यात आदळलं की उड्या मारायला लागली, किलोमीटरचे आकडे पुढे सरकेनात, की जो तो ‘सेन्सर गेला’ म्हणून मोकळा होतो. एवढ्यावर पैसे घालवू नका. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, मिळवा, स्वतःचा नसला तर ओळखीच्या मिस्तरीकडून मागून आणा. डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या आसपास, १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो लागतो. पी०५०० आला तर गाडीच्या वेगाच्या सर्किटमध्ये बिघाड आहे एवढंच कळतं. पी०५०१ म्हणजे आकडा पटत नाही, पी०५०२ म्हणजे सिग्नल कमी, पी०५०३ म्हणजे सिग्नल मध्येच येतो, मध्येच जातो. यातला एकही कोड ‘सेन्सर बदला’ असं सांगत नाही. कोड सर्किटचा असतो, आणि सर्किटमध्ये तार येते, प्लग येतो, फ्यूज येतो. फ्यूज बघून घ्या, तेवढं मी समजावत बसत नाही.

स्कॅनरवर चालू आकडे लावून एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने स्क्रीनकडे बघावं. एकट्याने दोन्ही करू नका, रिंगरोडवर तर मुळीच नाही. स्क्रीनवर वेग बरोबर येतोय आणि सुई मेलेली आहे, तर सेन्सर बहुधा ठीक आहे. दोष मीटरमध्ये किंवा मीटरकडे जाणाऱ्या तारेत शोधा. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला असेल तर आधी चाकांजवळचे सेन्सर बघा. पावसाळ्यात महूकडच्या शेतांतून माल भरून आणणाऱ्या गाड्यांच्या चाकांत माळव्याची काळी माती अशी घट्ट बसते की नुसतं धुऊन दिवा विझला तरी नवल नाही. आणि हे मॅन्युअलमध्ये आधी बघा : काही गाड्यांत गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच, वेग एबीएसच्या चाकांवरूनच घेतला जातो. मग खाली शिरून काय शोधणार?

यादीतली पुढची वस्तू मल्टिमीटर, आणि तो चालवता येणारा माणूस. सेन्सरचा प्लग काढून आधी डोळ्यांनी बघा. पिना हिरव्या पडल्यात? आत तेल आहे? तेल असेल तर ते सेन्सरच्या आतूनच झिरपलेलं असू शकतं, मग सेन्सर बदलणं आलंच. तीन तारा असतील तर बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे बाहेरून व्होल्टेज घेऊन चुंबकातला बदल टिपणारा. किल्ली चालू करून प्लगच्या पुरवठ्याच्या पिनेवर मोजा. गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत आणि अर्थिंग पक्कं हवं. व्होल्टेज येतच नसेल तर बिचाऱ्या सेन्सरचा काय दोष? दोनच तारा असतील तर आत चुंबक आणि कॉइल. तिथे कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचा आणि मॅन्युअलशी ताडायचा. दुसऱ्या मॉडेलचा आकडा लावू नका.

स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र, बसवलेला असेल तर इथे जास्त वेळ द्या. त्याची तार पुष्कळदा सेन्सरच्याच सिग्नलच्या तारेला मधे सोलून जोडलेली असते, आणि तो जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला असतो. टेप उन्हाने सुटते, पाणी शिरतं, तांबं काळं पडतं. आधी तो जोड उघडा, बघा. गव्हर्नरच्या सीलला मात्र हात लावू नका, ते काम ज्याने बसवलं त्याचं.

एवढं करून, आणि पुढे दिलेली चाक फिरवायची चाचणी घेऊन, सेन्सरच दोषी ठरला तर मग खरेदी. चेसिस नंबर घेऊन जा, एकाच नावाची पिकअप बीएस ४ आणि बीएस ६ (धुराच्या नियमांचे टप्पे) मध्ये वेगळा सेन्सर मागू शकते. जुन्या सेन्सरच्या टोकाला प्लॅस्टिकची दातेरी चकती असेल तर दात मोजून जा. एक दात इकडेतिकडे झाला की सुई खोटा वेग दाखवते. आणि ओ-रिंग. तेव्हाच मागा.

आता जॅक. घरासमोरचा रस्ता सपाट दिसला तरी गटाराकडे उतरता असतो, जागा नीट बघून निवडा. सेन्सरची चाचणी घेताना मागचं एकच चाक उचला. दोन्ही उचललीत तर एक चाक फिरवल्यावर दुसरं उलटं फिरतं आणि गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे येणारा शाफ्ट जागचा हलत नाही. मग सिग्नल येत नाही आणि चांगला सेन्सर मेलेला ठरतो. एक चाक जमिनीवर असलं की उचललेलं फिरवताना शाफ्टला फिरावंच लागतं. पण त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं दुसरं काही उरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे, आणि गाडीचं वजन जॅकवर नाही, घोडीवर (जॅक स्टँडवर). विटा नाहीत. वीट दाबाखाली फुटते. शिरण्याआधी गाडीला हाताने जोरात हलवून बघा. घाटातून आलेली गाडी लगेच उचलू नका, सायलेन्सरचा पाइप गिअरबॉक्सच्या शेजारूनच जातो.

चाक फिरवताना हॉल सेन्सरची सिग्नलची तार प्लग जोडलेला असतानाच प्लगच्या मागून मीटरची सुई घालून मोजा. व्होल्टेज चढलं-उतरलं पाहिजे. दोन तारांच्या सेन्सरला मीटर एसीवर ठेवा, हळू फिरवलं तर आकडा अगदी बारीक येतो.

काढताना : पुष्कळ गाड्यांत दहा नंबरचा पाना, चिंधी, ब्रश, खाली परात. आधी सेन्सरभोवतीची माती ब्रशने पूर्ण काढा, ती भोकातून आत पडली तर गिअरमध्येच जाणार. किल्ली बंद. प्लगची क्लिप दाबून काढा, तारा ओढू नका; उष्णतेने क्लिप ठिसूळ झालेली असते. सेन्सर अडकला असेल तर डावीउजवीकडे थोडा थोडा फिरवत सैल करा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला आणि टोक मोडून आत राहिलं तर गिअरबॉक्स उघडावा लागतो. बाहेर आला की टोक बघा : चुंबकाला थोडी बारीक भुकटी चिकटलेली चालते, टोचणारे लोखंडी कण असतील तर गिअरबॉक्स दाखवून घ्या.

आणि आता पुन्हा तीच. सेन्सर बाहेर आला, पण जुनी ओ-रिंग त्याच्याबरोबर आली का? पुष्कळदा ती भोकातच चिकटून राहते, काळी, कडक, तेलात माखलेली, धातूच्या कडेसारखीच दिसते. बॅटरीचा झोत टाका, बोटाने गोल चाचपा. ती आत असताना नवी ओ-रिंग घातलेला सेन्सर ढकललात तर एकावर एक दोन चढतात, सेन्सर तिरका बसतो आणि तेल गळतं. जुनी हातात आल्याशिवाय नवा सेन्सर हातात घेऊ नका.

बसवताना नव्या ओ-रिंगला गिअर ऑइलचं बोट, सेन्सर हाताने सरळ आत. बोल्टने खेचून बसवू नका. गिअरबॉक्सचं कवच पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे जातात. बोल्ट बेताचा आवळा.

मग प्लग, कोड पुसणे, गाडी उतरवून सपाट जागी गिअर ऑइलची पातळी बघणे, कमी असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच भरणे. एक फेरी, सुई आणि किलोमीटर दोन्ही बघून. गाडी गरम असताना ओ-रिंगभोवती कोरडं बोट फिरवा, सायलेन्सरला हात लागू न देता. रात्री खाली पुठ्ठा टाका, सकाळी त्यावर तेलाचा डाग आहे का बघा.