गाजर उपटल्यावरच कळणाऱ्या चुका : ठाणे-नवी मुंबईच्या परसबागेसाठी

टोमॅटोचे किंवा वांग्याचे झाड बिघडू लागले की ते पानांवरून लगेच सांगते आणि आपल्याला काहीतरी उपाय करण्यास सवड मिळते. गाजर मात्र नव्वद दिवस गप्प राहते. वर नाजूक, हिरवीगार पाने डोलत असतात, शेजारीपाजारी कौतुक करून जातात, आणि भोगीच्या भाजीसाठी मोठ्या हौसेने पहिले गाजर उपटावे तर हातात करंगळीएवढे, तीन फाटे फुटलेले, केसाळ मूळ येते. ऐरोलीतील आमच्या बैठ्या घरामागच्या लहानशा वाफ्यातून पहिल्या वर्षी निघालेली सगळी गाजरे मिळून एक वाटी कोशिंबीरही झाली नव्हती. त्यानंतरच्या हंगामांमध्ये एक गोष्ट लक्षात आली, की गाजराचा आकार म्हणजे आपण कधी, कुठे आणि काय चुकलो याची नोंदच असते. ती वाचता आली की पुढच्या वर्षीची पेरणी सुधारते.

भोगीपासून उलटे दिवस मोजणे

लाल गाजर तयार होण्यास साधारण ९० ते ११० दिवस लागतात, म्हणून अनेक जण १३ जानेवारीपासून मागे मोजत जातात आणि सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकून मोकळे होतात. हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी आपल्या हवेला मान्य नसतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने ८ ऑक्टोबर धरलेली आहे. त्याआधी टाकलेले बारीक बी एखाद्या सरीने वाहून जाते किंवा चिखलाखाली दबते, आणि पाऊस थांबताच ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. जमिनीचा वरचा थर ३५ अंशांपलीकडे तापला की गाजराचे बी जवळजवळ उगवतच नाही. मूळ भरण्यास, त्याला रंग येण्यास आणि त्यात गोडी उतरण्यास १५ ते २० अंश तापमान सर्वांत मानवते. आपल्याकडे दिवसा इतका गारवा कधीच मिळत नाही, परंतु डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याच्या जवळपास येतात, आणि पिकाची वाढीची मुख्य मुदत त्याच रात्रींमध्ये बसवणे एवढेच आपल्या हाती असते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे बी पेरावे. भोगीच्या भाजीत त्या वेळी निघालेली कोवळी, बोटाएवढी गाजरे घालावीत. ती चवीला काही कमी नसतात.

वाणाची निवडही याच मुद्द्याशी जोडलेली आहे. बाजारात वर्षभर दिसणारे नारिंगी गाजर आपण 'ऊटीचे' म्हणून ओळखतो. ते २,२०० मीटरहून अधिक उंचीवरच्या थंड हवेत वाढते आणि त्याच्याशी आपल्या वाफ्याची तुलना करणे अन्यायाचे आहे. नँटीससारखे युरोपीय वाण येथे येतात, पण बहुधा आखूड राहतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा केसर' किंवा 'पुसा रुधिरा' हे लाल वाण आणि 'पुसा मेघाली' हे नारिंगी वाण उबदार हवेला अधिक सरावलेले आहेत, तर लवकर पेरायचेच असेल तर उष्णता आणि दमटपणा सोसणारे 'पुसा वृष्टी' पाहावे.

मे महिन्यात निवडलेली जागा

वाफ्याची जागा आपण बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवतो, कारण तेव्हा हाताशी वेळ असतो. मेच्या मध्यास ठाण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि इमारतीची सावली तिच्या पायाशीच राहते, त्यामुळे मागचे अंगण उन्हाने भरलेले दिसते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. दक्षिणेला सात मजली, म्हणजे अंदाजे २१ मीटर उंचीची इमारत असेल तर तिची सावली दुपारी बारालाही जवळपास २० मीटर उत्तरेकडे पसरते. गाजराला किमान सहा तास ऊन लागते. ते मिळाले नाही तर पाने उंच, लुसलुशीत होतात आणि मूळ दोऱ्यासारखे राहते. एखाद्याने "पाने इतकी छान होती, मग गाजर का नाही?" असे विचारले की मी आधी दक्षिणेला काय आहे तेच विचारतो. जागेची पाहणी आदल्या डिसेंबरात करावी. ते जमले नसेल तर ग्रो बॅगा वापराव्यात, कारण त्या निदान हलवता तरी येतात.

फाटे फुटलेले गाजर

सर्वाधिक तक्रारी याच्या येतात आणि याची कारणेही सर्वाधिक आहेत. गाजराचे सोटमूळ पहिल्या तीन-चार आठवड्यांतच आपली बहुतेक लांबी गाठते आणि नंतर केवळ जाड होत जाते. त्या सुरुवातीच्या काळात त्याच्या टोकाला खडा लागला, कडक थर लागला किंवा टोक तुटले, की मूळ दोन-तीन दिशांना फुटते आणि पुढे कितीही काळजी घेतली तरी सरळ होत नाही. म्हणूनच मिरची-टोमॅटोप्रमाणे ट्रेमध्ये गाजराची रोपे करून ती लावणे ही मूलभूत चूक आहे. मी स्वतः एका रोपवाटिकेतून मोठ्या विश्वासाने गाजराची तयार रोपे आणली होती. त्यातल्या एकाही रोपाला सरळ गाजर धरले नाही. गाजराचे बी जिथे वाढायचे तिथेच पेरावे, त्याला पर्याय नाही.

दुसरे कारण आपल्या शहरांच्या जडणघडणीत आहे. नवी मुंबईतील पुष्कळशा अंगणांची जमीन मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा टाकून केलेली आहे, आणि वर पसरलेल्या चार बोटे तांबड्या मातीखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे ढेकूळ आणि खडी दडलेली असते. ठाण्याच्या बाजूला जुन्या भातखाचरांची चिकण माती मिळते. ती ओली असताना लोण्यासारखी असते आणि वाळली की दगड होते. दोन्ही ठिकाणी जमीन खणून सुधारण्यात शक्ती घालवण्यापेक्षा जमिनीच्या वर ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करणे सोपे पडते. निम्मी चाळलेली माती, पाव भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि पाव भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व जाडसर वाळू असे मिश्रण मला मानवले आहे. माती चाळण्याचे काम कंटाळवाणे आहे हे खरे, तरीही ते टाळू नये. आखूड वाण असेल तर २० सेंटिमीटर खोलीची कुंडीही चालते. लांब लाल गाजराला मात्र ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी खोली देऊ नये.

तिसरे कारण म्हणजे ताजे शेण किंवा अर्धवट कुजलेले स्वयंपाकघरातील कंपोस्ट. 'खत जितके जास्त तितके पीक चांगले' ही समजूत पालेभाज्यांपुरती खपून जाते, पण गाजरात नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि मुळाला केस व फाटे येतात. मागच्या पिकाला भरपूर खत घातलेल्या वाफ्यात नवे खत न घालता गाजर घेणे अनेकदा अधिक फलदायी ठरते.

फाट्यांबरोबर मुळावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर दोष मातीतील खड्यांचा नसून सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांचा आहे. उबदार, हलक्या मातीत ही कीड चांगलीच फोफावते. त्या वाफ्यात आधी भेंडी, वांगी किंवा टोमॅटो घेतलेले असतील तर संशय आणखी बळावतो. अशा जागी एक हंगाम दाट झेंडू लावावा आणि पुढच्या पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत निंबोळी पेंड मिसळावी. त्याने सूत्रकृमी संपत नाहीत, मात्र आटोक्यात येतात.

खाडीचे मीठ

या विषयाकडे फार कोणी लक्ष देत नाही, आणि आपल्या भागात तोच अनेकदा निर्णायक ठरतो. भाज्यांमध्ये गाजर क्षारांना सर्वांत हळव्या पिकांपैकी एक आहे. मातीतील क्षार तिच्या संपृक्त अर्काच्या (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याच्या) विद्युतवाहकतेवरून मोजतात, आणि ती १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की गाजराचे उत्पादन घटू लागते. टोमॅटोला हीच मर्यादा २.५ आणि बीटला ४ मानली जाते. खाडीलगतच्या भरावाची माती, मचूळ लागणारे बोअरचे पाणी आणि न धुतलेले कोकोपीट या तिन्हींमधून क्षार वाफ्यात येतात. उगवण विरळ होणे, पानांच्या कडा करपणे आणि माती वाळल्यावर तिच्यावर पांढरट थर दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्यावी, वाफ्याला तळातून निचरा ठेवावा आणि बोअरचे पाणी मचूळ असल्यास गाजरापुरते तरी नळाचे पाणी वापरावे. ते शक्य नसेल तर तिथे बीट लावावे, हा सल्ला मी मनापासून देतो.

याच संदर्भात पावसाळ्यानंतर उरलेल्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायींची आठवण होते. त्यांच्या बंदोबस्तासाठी वाफ्याभोवती मीठ पसरण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि गाजराच्या बाबतीत तो रोगापेक्षा भयंकर असा उपाय ठरतो. गोगलगायी रात्री हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. ते पाणी नंतर वाफ्याच्या आसपासही ओतू नये.

उगवलेच नाही, किंवा उगवले ते फार झाले

गाजराचे बी उगवण्यास एक ते दोन आठवडे, कधी तीनही लागतात, आणि पुष्कळ जण आठव्या दिवशीच 'बी खराब निघाले' असे म्हणून वाफा उकरतात. बी कधी कधी खरोखरच खराब असते. गेल्या वर्षीचे उघडे पाकीट आपल्या पावसाळ्याच्या दमटपणात कपाटात राहिले असेल तर त्यावर भरवसा ठेवू नये. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणदेखील ६० टक्केच धरलेली असते, म्हणून पेरणीपूर्वी ओल्या कापडात वीस दाणे गुंडाळून पाहावेत. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, वरून झारीनेच पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत ओले गोणपाट अंथरावे, म्हणजे मातीवर पापडी धरत नाही. कोंब दिसताच, त्याच संध्याकाळी, गोणपाट काढावे. एक दिवसाचा आळसही रोपांना पिवळे आणि लांबुडके करतो. ओळींमध्ये मधून मधून मुळ्याचे चार दाणे टाकले तर ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवून ओळ दाखवतात आणि गाजराला जागा लागण्याच्या आत काढूनही होतात.

उलट बाजूची चूक म्हणजे संपूर्ण पाकीट रिकामे करणे. एका ग्रॅममध्ये अंदाजे ८०० दाणे असतात. एक चौरस मीटरच्या वाफ्यात २० सेंटिमीटरवर ओळी आणि ओळीत ७ सेंटिमीटर अंतर ठेवले तर जेमतेम ७० गाजरे मावतात. बी कोरड्या वाळूत मिसळून पेरले तर दाटी कमी होते, तरीही विरळणी करावीच लागते, आणि नेमके तिथेच घरच्या माळ्याचे मन धजावत नाही. दाटीत वाढलेली गाजरे एकमेकांना पीळ घालतात आणि एकही नीट भरत नाही. दोन-तीन खरी पाने (कोंबाच्या पहिल्या जोडीनंतर येणारी) आल्यावर एकदा आणि पाचव्या आठवड्यात पुन्हा विरळणी करावी. रोप उपटण्याऐवजी लहान कात्रीने जमिनीलगत कापल्यास शेजारच्या मुळाला धक्का लागत नाही.

तडकलेले, हिरव्या खांद्याचे, कडवट

गाजर उभे तडकले असेल तर त्याचे कारण जवळजवळ नेहमी पाणीच असते. आठवडाभर वाफा कोरडा राहतो, मग कोणीतरी पाइप सोडून ठेवतो, आणि आतला गाभा सालीपेक्षा वेगाने फुगतो. रोज शिंपडल्याने वरची दोन बोटे माती तेवढी भिजते. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. खांदे, म्हणजे मुळाचा देठालगतचा भाग, हिरवे पडले असतील तर ते मातीबाहेर उघडे राहिले होते. महिन्यातून एकदा हाताने मातीची भर द्यावी आणि हिरवा भाग कडवट लागत असल्याने कापून टाकावा. पानांवर जानेवारीत भुरी किंवा मावा दिसतो, पण परसबागेत त्याने क्वचितच पीक जाते. खराब पाने खुडावीत आणि संध्याकाळी पाने भिजवणे बंद करावे.

काढणीची घाई आणि काढणीतला उशीर

घाईने काढलेले गाजर फिकट आणि पाणचट लागते, परंतु आपल्याकडे जास्त नुकसान उशिराने होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढू लागते, लाल वाणांना फुलाचा दांडा येतो आणि गाभा लाकडासारखा टणक होतो. दांडा कापून टाकला तरी गाजर पुन्हा मऊ होत नाही. उष्णतेने कडवटपणाही वाढतो. पाकिटावरच्या दिवसांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा: देठाजवळची माती बाजूला करून खांदा पाहावा, नारिंगी गाजर दोन-अडीच आणि लाल गाजर तीन-चार सेंटिमीटर जाडीचे झाले की काढायला सुरुवात करावी, आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी वाफा रिकामा करावा. आदल्या संध्याकाळी हलके पाणी द्यावे आणि सकाळी खुरप्याने बाजूची माती सैल करून मगच गाजर ओढावे. नुसती पाने धरून ओढली तर पाने हातात येतात आणि गाजर जमिनीतच राहते.

उपटलेल्या गाजराची पाने लगेच, एक बोट देठ ठेवून, कापावीत, कारण ती मुळातले पाणी ओढत राहतात आणि रात्रीपर्यंत गाजर लवचीक होते. ओलसर सुती कापडात गुंडाळून ते फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे, मात्र त्याच कप्प्यात सफरचंद, केळी किंवा पिकलेले टोमॅटो ठेवू नयेत. त्या फळांमधून सुटणाऱ्या इथिलीन वायूने चांगले गोड गाजरही काही दिवसांत कडू होते, आणि हलवा बिघडल्यावर दोष विनाकारण वाफ्याला दिला जातो.