मुलाचा ताबा कोर्टात कसा ठरतो आणि त्यासाठी तयारी काय करायची

घटस्फोटाची केस लागली की बहुतेक जण समोरचा माणूस किती वाईट आहे याचेच पुरावे गोळा करत बसतात, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग, सासरच्यांचे मेसेज. घटस्फोटासाठी त्यातलं काही कामाला येईलही, पण ताब्याच्या प्रश्नात जज मुलाचं हित बघतात. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातच तसं लिहिलंय. नवरा म्हणून नापास झालेला माणूस बाप म्हणून चांगला असू शकतो, बायकोचंही तसंच, हे आधी पचवा.

त्यामुळे तयारी मुलाच्या रोजच्या दिवसाची करा. सकाळी कोण उठवतं, शाळेत कोण सोडतं, ताप आला की रजा कोण टाकतं, पालक सभेला कोण जातं, लसीकरणाचं कार्ड कुणाकडे आहे. फॅमिली कोर्टातले समुपदेशक गप्पा मारता मारता क्लासटीचरचं नाव विचारू शकतात, आणि तिथे अडखळलात तर वकिलाने लिहिलेली पानंच्या पानं फिकी पडतात.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, पण तोही पक्का नियम नाही, मुलाला धोका असेल तर कोर्ट वेगळा निर्णय देतं. अमुक वय झालं की मूलच ठरवतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, तसं वय कायद्यात कुठेच नाही. मूल समजूतदार असेल तर जज चेंबरमध्ये एकट्याशी बोलतात आणि पढवलेलं मूल त्यांना लगेच कळतं, म्हणून कृपा करून पोराकडून उत्तरं पाठ करून घेऊ नका, त्याच्यावर केवढं ओझं पडतं ते.

अर्ज कुठे करायचा? हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाची केस चालू असेल तर त्याच केसमध्ये कलम 26 खाली. नसेल तर 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, मूल नेहमी जिथे राहतं त्या भागातल्या कोर्टात. निकालाला वर्षं जातात म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता ताबा किंवा भेटीचा अर्ज पहिल्याच तारखांना टाका, कारण मूल मधल्या काळात जिथे रुळतं तिथून त्याला हलवायला कोर्ट सहसा तयार होत नाही.

भेटीचा आदेश मागताना सगळं बारीक लिहून घ्या. नुसतं "महिन्यातून दोनदा भेट" असं असेल तर दर वेळी भांडण ठरलेलं. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी 11 ते संध्याकाळी 5, आणायला कोण, सोडायला कोण, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीचे दिवस कसे वाटायचे, व्हिडिओ कॉल किती वाजता, मूल आजारी पडलं तर बदली दिवस कोणता, हे सगळं आलं पाहिजे. परस्पर संमतीने घटस्फोट घेत असाल तरी संमतीच्या अटींमध्ये हेच लिहा. त्यात आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि नंतर सहा महिने थांबावं लागतं, पण समेटाची शक्यताच उरली नसेल आणि ताबा, खावटी (पोटगी) सगळं मिटलेलं असेल तर ते सहा महिने माफ होऊ शकतात, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये तसं सांगितलंय.

खावटीसाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात पगार लपवू नका, बँक स्टेटमेंट मागवलं की सगळं बाहेर येतं आणि मग बाकीच्या बोलण्यावरही कोर्टाचा विश्वास राहत नाही.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो, मूल मोठं झालं, बदली झाली, परिस्थिती पालटली तर बदलून मागता येतो. आणि भेट देत नाहीत म्हणून खावटी थांबवायची, किंवा खावटी येत नाही म्हणून भेट अडवायची, हे अजिबात करू नका, दोन्हीसाठी कोर्टात अर्ज करता येतो आणि चुकलेल्या प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, मेसेज जपून ठेवले असतील तर ते त्या अर्जाला जोडता येतात.