संसदेतली उत्तरं वाचताना या चुका टाळा: नागरिकत्व, घुसखोरी आणि पोलीस

डिसेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या एका लेखी उत्तरात, भारतीय नागरिकत्व सोडलेल्यांची संख्या १,८३,७४१ अशी होती. मी ती वहीत २०२२ या वर्षापुढे लिहून ठेवली आणि दोन ठिकाणी बोलताना वापरलीही. फेब्रुवारी २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत २०११ पासूनचे वर्षवार आकडे दिले. त्यात २०२२ पुढे होते २,२५,६२०. चाळीस हजारांहून जास्त फरक. पहिलं उत्तर पुन्हा काढून पाहिलं, तर ‘३१ ऑक्टोबरपर्यंत’ हे शब्द तिथे होतेच. मीच ते वाचले नव्हते.

तेव्हापासून ही उत्तरं मी बोट ठेवून वाचतो. खासदाराने विचारलेला प्रश्न आणि मंत्र्याने दिलेलं उत्तर ही सरकारला बांधून ठेवणारी नोंद असते. सभागृहात चुकीची माहिती दिली तर मंत्र्याला दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. म्हणूनच उत्तर लिहिणारे अधिकारी एकेक शब्द तोलून लिहितात, आणि आपण मात्र घाईत वाचतो.

अर्धवट वर्ष, आजारी वर्ष

माझी चूक पुढच्या वर्षीही अनेकांनी केली. जुलै २०२३ मध्ये ८७,०२६ हा आकडा आला आणि ‘नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली’ असं लोक म्हणू लागले. तो आकडा जूनअखेरपर्यंतचा होता. संपूर्ण २०२३ चा आकडा २,१६,२१९ निघाला.

दुसरी चूक याच तक्त्यात दडलेली आहे. २०२० मध्ये ८५,२५६ जणांनी नागरिकत्व सोडलं, २०२१ मध्ये १,६३,३७० जणांनी. ‘एका वर्षात जवळजवळ दुप्पट’ हे गणित म्हणून बरोबर, पण २०२० हे कोविडचं वर्ष. विमानं बंद होती, वकिलाती आणि परदेशी सरकारांची कार्यालयं धड चालत नव्हती. तुलना २०१९ शी करा. त्या वर्षीचा आकडा १,४४,०१७ होता. म्हणजे वाढ झाली ती सुमारे १३ टक्के. वाढ आहेच, पण तिची गोष्ट वेगळी आहे.

आणि या आकड्याला ‘त्या वर्षी देश सोडून गेलेले’ असं म्हणू नका. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप संपतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. पुण्यातला एखादा अभियंता २००६ मध्ये अमेरिकेला गेला असेल, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबला असेल, तो या तक्त्यात २०२२ मध्ये येतो. त्याच्या जाण्याचं वर्ष आणि नोंदीचं वर्ष यांत पंधरा-सोळा वर्षांचं अंतर असू शकतं. हे लोक का गेले, यावर गृह मंत्रालयाने जुलै २०२२ च्या उत्तरात ‘वैयक्तिक कारणांमुळे’ एवढंच म्हटलं होतं. कर, शिक्षण, प्रदूषण ही कारणं आपण जोडतो. ती खरीही असतील, पण ती सरकारच्या तोंडी घालू नका.

प्रश्न खासदाराचा, उत्तर मंत्र्याचं

पीडीएफ उघडली की वर प्रश्न असतो, खाली उत्तर. प्रश्नात खासदार बरंच काही गृहीत धरून विचारतात: ‘अमुक भागात घुसखोरी वाढली आहे, हे सरकारला ठाऊक आहे काय?’ हेच वाक्य ‘सरकारने मान्य केलं’ अशा मथळ्याखाली फिरताना मी पाहिलं आहे. ते वाक्य सरकारचं नसतंच.

खालचं उत्तर बहुतेक वेळा ‘(क) ते (घ)’ असं एकत्र दिलेलं असतं. चार उपप्रश्नांना मिळून एक परिच्छेद. अशा वेळी प्रत्येक उपप्रश्नासमोर पेन्सिलने टिक करा: याचं उत्तर आलं का? हमखास एक तरी उपप्रश्न तसाच सुटलेला सापडतो. न मिळालेलं उत्तर हीसुद्धा माहिती आहे, पण ‘सरकारने नकार दिला’ असा तिचा अर्थ होत नाही.

विधानसभेची उत्तरं वाचणाऱ्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. ‘हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ आणि समोर ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. यात सगळ्यात मोलाचं उत्तर ‘अंशतः खरे आहे’ हे. कुठला अंश खरा, ते शोधायला पुढची दोन वाक्यं पुन्हा वाचावी लागतात. ‘हे खरे नाही’ या उत्तरातही नेमकं काय खरं नाही ते पाहा. तारीख चुकली, ठिकाण चुकलं किंवा संख्या चुकली, तरी अख्ख्या वाक्याला ‘खरे नाही’ म्हणता येतं.

‘नाही’च्या आजूबाजूचे शब्द

४ फेब्रुवारी २०२० रोजी गृह राज्यमंत्री नित्यानंद राय यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की राष्ट्रीय पातळीवर नागरिक नोंदणी पुस्तिका (एनआरसी) तयार करण्याबाबत सरकारने ‘आतापर्यंत’ कोणताही निर्णय घेतलेला नाही. दुसऱ्या दिवशी कोणी ‘एनआरसी रद्द’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला, कोणी ‘सरकारने माघार घेतली’ म्हटलं. त्या उत्तरात ना रद्द होतं, ना माघार. त्या दिवसापर्यंत निर्णय झाला नव्हता, एवढंच होतं. त्या दिवसांत कागदपत्रं शोधत हिंडणाऱ्या लोकांना या एका शब्दाचा अर्थ नीट सांगायला हवा होता. तो फार थोड्यांनी सांगितला.

त्याच दिवशी गृह मंत्रालयाच्या दुसऱ्या एका उत्तरात होतं, की ‘लव्ह जिहाद’ या शब्दाची व्याख्या प्रचलित कायद्यांत नाही आणि केंद्रीय यंत्रणांनी असं प्रकरण नोंदवलेलं नाही. इथे ‘केंद्रीय यंत्रणांनी’ हा शब्द सोडला तर अर्थ बदलतो. राज्यांच्या पोलिसांबद्दल ते उत्तर काहीच म्हणत नाही.

‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ या वाक्याचंही तसंच. माहिती नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा नव्हे. सरकार लपवतंय असाही तो आपोआप होत नाही. ती माहिती राज्याकडे, जिल्ह्याकडे किंवा न्यायालयाकडे असू शकते, आणि तिथे विचारता येतं.

घुसखोरांचा आकडा: इथे फार जपून

सगळ्यात जास्त नुकसान या आकड्याने केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

जुलै २००४ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत सांगितलं, की ३१ डिसेंबर २००१ रोजी देशात १,२०,५३,९५० बेकायदा बांगलादेशी होते. पैकी ५० लाख आसामात. आकडा शेवटच्या दहापर्यंत नेमका दिसतो, त्यामुळे कोणीतरी मोजदाद केली असणार असंच वाटतं. पण आसाममध्ये गदारोळ झाल्यावर सरकारनेच स्पष्ट केलं, की तिथला आकडा कुठल्या भरवशाच्या अभ्यासावर नव्हे, ऐकीव माहितीवर होता. मूळ उत्तर आजही उद्धृत होतं. खुलासा शोधूनच काढावा लागतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री किरेन रिजिजू यांनी राज्यसभेत ‘उपलब्ध माहितीनुसार’ सुमारे २ कोटी असं सांगितलं. मग लोकांनी वजाबाकी केली: पंधरा वर्षांत ८० लाख वाढले. ही वजाबाकी करायला दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले हवेत. इथे पद्धत दोन्हींची सांगितलेलीच नाही. त्यानंतरच्या उत्तरांत मंत्रालयाची भूमिका बदललेली दिसते: हे लोक वैध कागदांविना, चोरून-लपून येतात, त्यामुळे अचूक आकडा देता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागरिकत्व कायद्यातल्या, आसामसाठी असलेल्या कलम ६अ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्राने प्रतिज्ञापत्रातही हेच म्हटलं.

मग भरवशाचं काय? ज्याची कचेरीत नोंद होते ते. किती जणांना परत पाठवलं, न्यायाधिकरणांनी किती जणांना परदेशी ठरवलं, किती नागरिकत्व प्रमाणपत्रं दिली. त्याच प्रतिज्ञापत्रात २०१७ ते २०२२ या काळात १४,३४६ परदेशी नागरिकांना परत पाठवल्याचा उल्लेख आहे. हा मोजलेला आकडा. २ कोटी हा अंदाज. मुंबईत किंवा ठाण्यात बंगाली बोलणाऱ्या मजुराकडे बोट दाखवताना कोणता आकडा डोक्यात असतो, याचा विचार व्हायला हवा.

नागरिकत्व दिलं, पण कोणत्या कलमाखाली?

नागरिकत्व दुरुस्ती कायदा (सीएए) डिसेंबर २०१९ मध्ये संमत झाला, १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, पण त्याचे नियम आले ११ मार्च २०२४ रोजी. मधल्या चार वर्षांत पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेशातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व दिल्याची जी उत्तरं आली, ती मूळ कायद्याच्या कलम ५ आणि ६ खाली दिलेल्या नागरिकत्वाची होती. केंद्राने डिसेंबर २०१६ मध्येच सात राज्यांतल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना तो अधिकार दिला होता. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे. नागपूरच्या जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांना हा मार्ग चांगला माहीत आहे. तेव्हा आकडा दिसला की आधी कलम पाहा. ‘सीएए’ हे नाव लावण्याची घाई नको.

कायदाही ताजा तपासा. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांसाठी नवा एकत्रित कायदा लागू आहे. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा त्याने रद्द केला. जुन्या उत्तरातली कलमं आजची म्हणून देऊ नका.

पोलिसांबद्दलची उत्तरं

‘पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय आहेत.’ या वाक्याने सुरू होणारी उत्तरं इतकी आहेत, की लोक तिथेच वाचन थांबवतात. थांबू नका. खाली अनेकदा राज्यवार परिशिष्ट असतं आणि कामाची माहिती त्यातच असते. आणि खरंच टाळलेलं उत्तर असेल, तर आपल्या आमदाराला हाच प्रश्न मुंबईच्या किंवा नागपूरच्या अधिवेशनात विचारायला सांगा. तिथे गृहखात्याला ‘राज्याचा विषय’ म्हणता येत नाही.

कोठडीतल्या मृत्यूंचा आकडा घ्या. फेब्रुवारी २०२३ च्या राज्यसभेतल्या उत्तरानुसार पोलीस कोठडीतले मृत्यू २०२०-२१ मध्ये १००, २०२१-२२ मध्ये १७५. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२१ चा आकडा ८८. कोणीतरी खोटं बोलतंय, असा निष्कर्ष लगेच निघतो. पण पहिला आकडा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे नोंदलेल्या प्रकरणांचा, एप्रिल ते मार्च. दुसरा राज्यांच्या पोलिसांनी कळवलेला, जानेवारी ते डिसेंबर. कोठडीत मृत्यू झाला की २४ तासांत आयोगाला कळवायचं, हा निर्देश १९९३ चा आहे. ती वेगळी वाट आहे. दोन आकडे एका तक्त्यात शेजारी मांडू नका, आणि मांडलेच तर वर दोन्ही स्रोत लिहा. मात्र दोन्ही वाटांनी येणाऱ्या आकड्यांत इतकी तफावत का, हा प्रश्न जरूर विचारा. त्यामागे कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी नवरा आहे.

त्याच उत्तरात पाच वर्षांची राज्यवार बेरीज होती: गुजरात ८०, महाराष्ट्र ७६. ‘महाराष्ट्र दुसरा’ ही बातमी झाली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींवर आणि गुजरातची ६ कोटींच्या आसपास. नुसत्या क्रमवारीतून हे दिसत नाही. आणि पोलीस कोठडी वेगळी, न्यायालयीन कोठडी वेगळी. तुरुंगातले मृत्यू दुसऱ्या रकान्यात असतात आणि ते कितीतरी जास्त असतात.

अटक आणि शिक्षा यांचंही असंच. २०२१ च्या एका उत्तरात २०१६ ते २०१९ या काळात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली ५,९२२ जणांना अटक आणि १३२ जणांना शिक्षा असे आकडे होते. भागाकार करून ‘दोन टक्के दोषसिद्धी’ असं सगळीकडे छापून आलं. शिक्षा झालेले १३२ जण त्याच ५,९२२ मधले असतील असं नाही. खटले वर्षानुवर्षं चालतात. दोषसिद्धीचं प्रमाण संपलेल्या खटल्यांवरून काढतात. इथे खरी चिंतेची गोष्ट वेगळी आहे: अटक झालेल्यांपैकी बहुतेकांचा निकालच लागलेला नसतो. चुकीची टक्केवारी दिल्याने हा मुद्दा झाकला जातो.

पोलिसांच्या संख्याबळाबाबत एकच सांगतो. मंजूर पदं आणि प्रत्यक्ष माणसं हे दोन रकाने असतात. १ जानेवारी २०२० रोजी दर लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस होते १९५.३९, प्रत्यक्षात १५५.७८. रस्त्यावर दुसरा रकाना असतो.

उत्तर सापडत नसेल किंवा अपुरं असेल तर

नुसता ‘अतारांकित प्रश्न (ज्याचं फक्त लेखी उत्तर येतं) क्रमांक अमुक’ शोधून उपयोग नाही. क्रमांक दर अधिवेशनात नव्याने सुरू होतात आणि दोन्ही सभागृहांत वेगळे असतात. सभागृह, तारीख, मंत्रालय आणि क्रमांक, चारही हवेत. मंत्रालयाचा घोळ नेहमी होतो: नागरिकत्व देणं गृह मंत्रालयाकडे, अमेरिकेतून परत पाठवलेल्या भारतीयांची माहिती परराष्ट्र मंत्रालयाकडे. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी जयशंकर यांनी या परत पाठवणीची २००९ पासूनची आकडेवारी राज्यसभेत दिली, पण ते निवेदन होतं. प्रश्नोत्तरांच्या यादीत शोधत बसलात तर मिळणार नाही.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, पुकारला गेला असेल, तर पूरक प्रश्नांची उत्तरं पीडीएफमध्ये नसतात. ती त्या दिवशीच्या कामकाजाच्या वृत्तांतात असतात, आणि अनेकदा खरी माहिती तिथेच बाहेर येते.

‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं उत्तर असेल, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. ते साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि दोन्ही सभागृहांच्या शासकीय आश्वासन समित्या त्याचा पाठपुरावा करतात. म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी संसदेच्या संकेतस्थळावर पाहा. काही नसेल, तर उत्तराची प्रत जोडून, त्यातलं तेच वाक्य अधोरेखित करून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.