ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत ऑटोमॅटिक की मॅन्युअल? निवडताना आणि चालवताना या चुका टाळा

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची हे एकदा ठरले की गिअरबॉक्सचा निर्णय बहुतेक जण शेवटी आणि घाईने उरकतात. डाव्या पायाला आराम हवा असेल तर ऑटोमॅटिक आणि गाडीवर पूर्ण ताबा हवा असेल तर मॅन्युअल, एवढ्यावर विषय संपतो. दोनच चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत असे ठरवले तरी फारसे बिघडत नाही. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत मात्र गिअरबॉक्स, मधले डिफरेन्शियल किंवा कपलिंग (पुढच्या आणि मागच्या चाकांत शक्ती वाटणारा भाग) आणि टायर यांचे काम एकमेकांत गुंतलेले असते.

साध्या गाडीत अॅक्सिलरेटर जास्त दाबला गेला तर चाक जागच्या जागी फिरते आणि जादा जोर तिथेच निघून जातो. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर पकड धरून असतात, त्यामुळे इंजिनाच्या आणि चाकांच्या वेगातला फरक दुसऱ्या कुणाला तरी सोसावा लागतो. मॅन्युअलमध्ये तो क्लच प्लेट सोसते, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये तेल सोसते. आपल्या वापरात हा फरक किती वेळा आणि किती वेळ निर्माण होणार आहे, हा निवडीचा खरा प्रश्न आहे.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत फक्त गिअरबॉक्सच वेगळा आहे असे समजणे

माहितीपत्रकावर दोन्हींपुढे ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ असेच छापलेले असते, पण आतली यंत्रणा सारखी असेलच असे नाही. सुबारूच्या अनेक मॉडेलांत काही वर्षांपूर्वीपर्यंत मॅन्युअल गाडीला व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवावर चालणारे) जोडलेले मधले डिफरेन्शियल असायचे आणि ते सामान्य स्थितीत पुढे-मागे ५०:५० अशी विभागणी करायचे. त्याच मॉडेलच्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, गुणोत्तर सलग बदलणारी ऑटोमॅटिक) गाडीत त्या जागी संगणकाच्या हुकमावर चालणारा बहुप्लेट क्लच असायचा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगात फरक पडल्यावरच व्हिस्कस कपलिंग आवळते. इलेक्ट्रॉनिक क्लच अॅक्सिलरेटर आणि स्टिअरिंगची स्थिती पाहून चाक घसरण्याआधीही आवळू शकतो. म्हणजे ग्राहक गिअरबॉक्स निवडतो आणि त्याच्याबरोबर निसरड्या रस्त्यावरचा गाडीचा स्वभावही नकळत निवडून बसतो. याउलट २०१८ मध्ये आलेल्या सुझुकी जिम्नीत ५ गिअरची मॅन्युअल असो वा ४ गिअरची ऑटोमॅटिक, पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह (गरजेपुरती चालकाने जोडायची) आणि लो रेंज (अतिशय मंद पण जोरदार चालीचे जादा गिअर) दोन्हीकडे मिळते; तिथे तुलना खरोखरच गिअरबॉक्सपुरती राहते.

म्हणून विक्रेत्याला आधी विचारायचे ते मायलेज नव्हे. मधे काय बसवले आहे, ते लॉक होते का आणि लो रेंज आहे का, ही उत्तरे दोन्ही प्रकारांसाठी वेगवेगळी मागून घ्यावीत.

‘खरी’ फोर-व्हील गाडी मॅन्युअलच असते, ही समजूतही याच गोंधळातून टिकून आहे. १९८० मध्ये आलेली पहिली ऑडी क्वात्रो ५ गिअरची मॅन्युअल होती, तिची मधली आणि मागची डिफरेन्शियल चालकाला लॉक करता येत आणि पुढे रॅलीच्या मैदानात तिने मोठे नाव कमावले. त्या काळी ते शहाणपणाचे होते. आज कपलिंग, इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांशी सतत बोलत असताना तेवढ्याच आधारावर निवड करणे मला पटत नाही.

सगळ्या ऑटोमॅटिक एकाच मापाने मोजणे

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातला दुवा तेलाचा असतो. गाडी जागेवरून उचलताना तो टॉर्क साधारण दुप्पट करू शकतो आणि त्यात घासून झिजणारी प्लेट मधे नसते. जी काही उष्णता होते ती तेलात जाते आणि कूलरमधून बाहेर पडते. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये पेडल नसले तरी क्लच दोन असतात, आणि चढावर मुंगीच्या पावलाने सरकताना संगणक त्यांना हाफ क्लचवरच धरतो. तेलात बुडालेले क्लच हा ताप बराच सहन करतात, कोरडे क्लच तेवढा करीत नाहीत. एएमटी म्हणजे तर मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. सीव्हीटी सपाट रस्त्यावर अतिशय मऊ चालते, पण खोल वाळूत किंवा लांबलचक खड्या चढावर तिचे तेल तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी ती इंजिनाची ताकद कमी करते. चालकाला मात्र गाडीत दम नाही असे वाटते आणि तो अॅक्सिलरेटर आणखी दाबतो.

ट्रेलर ओढणे, वाळू, चिखल आणि मंद गतीची चढण हे रोजचे असेल, तर माझे मत स्पष्टपणे टॉर्क कन्व्हर्टरच्या बाजूने आहे. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याने ड्युअल क्लच घेतला तर तक्रारीचे कारण नाही.

गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर इंजिन लगेच बंद करणे ही नेहमीची चूक आहे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. गाडी सुरक्षित जागी थांबवून, ‘पी’मध्ये (पार्कमध्ये) टाकून, इंजिन संथ चालू ठेवले तर तेल कूलरमधून फिरत राहते आणि लवकर निवते. वाहनपुस्तिकेत वेगळी सूचना असेल तर अर्थातच ती पाळावी.

हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे

मॅन्युअल ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये सर्वांत जास्त क्लच याच सवयीने जळतात. खडीचा चढ आहे आणि त्यावरून रिव्हर्समध्ये वर जायचे आहे, असा प्रसंग घ्या. रिव्हर्स गिअरमधली किमान गतीही अशा ठिकाणी जास्त वाटते, म्हणून चालक क्लच पूर्ण सोडतच नाही. इंजिनाचा आवाज वाढत जातो, गाडी वीतभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते. साधी गाडी असती तर खडीवर चाक फिरून मोकळे झाले असते. इथे चारही टायर रुतून धरतात आणि सगळी घसरण प्लेटवर येते. थोड्याच वेळात जळका, उग्र वास केबिनमध्ये येतो. तो आल्यावरही ‘एवढे एकदा चढू द्या’ म्हणून रेटत राहिले, तर प्लेटबरोबर फ्लायव्हीलचा (प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या चकतीचा) पृष्ठभागही खराब होतो.

उपाय असा की लो रेंज असेल तर ती अशाच वेळी वापरावी. पुष्कळ चालक ती फक्त चिखलासाठी राखून ठेवतात, पण पकड चांगली असलेल्या खड्या चढावर, गाडी सरळ रेषेत असताना, ती क्लच वाचवते, कारण क्लच पूर्ण सोडूनही गाडी चालण्याच्या गतीने सरकते. लो रेंज नसेल तर हँडब्रेकवर गाडी धरावी, क्लच एकदाच आणि ठामपणे सोडावा, आणि वास आलाच तर न्यूट्रलमध्ये थांबून प्लेट निवू द्यावी.

क्लच घसरतो आहे का हे पाहण्यासाठी मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ४० ते ५० किमी वेगाला वरचा गिअर टाकून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढले आणि वेग मागेच राहिला, तर क्लच संपत आला आहे. अशा गाडीत गिअरबॉक्स उतरवण्याआधी प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा लांब शाफ्ट) आणि बऱ्याचदा ट्रान्सफर युनिटही (पुढे-मागे शक्ती वळवणारी पेटी, म्हणजेच ट्रान्सफर केस) सोडवावे लागते, म्हणून मजुरी साध्या गाडीपेक्षा जास्त लागते. जुनी मॅन्युअल गाडी घेताना हा हिशेब आधीच धरावा.

टायरचा दोष गिअरबॉक्सवर ढकलणे

वळताना गाडी अडखळते, धक्के बसतात, खालून घरघर येते. आणि मग ‘ऑटोमॅटिक गेली’ असा निष्कर्ष निघतो. त्याआधी टायर मोजावेत. एका टायरचे ट्रेड (रस्त्याला टेकणारा खाचांचा थर) दुसऱ्यापेक्षा २ मिमीने जास्त झिजले असेल तर त्याचा परीघ सुमारे १२.५ मिमीने कमी असतो. परीघ २ मीटर धरला तर नवा टायर किलोमीटरला ५०० फेरे घेतो आणि झिजलेला ५०३. हे तीन फेरे प्रत्येक किलोमीटरला मधल्या डिफरेन्शियलला किंवा कपलिंगला जिरवावे लागतात, तेही सरळ रस्त्यावर. पंक्चर झालेला एकच टायर बदलून तीन जुने ठेवण्याची काटकसर या गाडीत महागात पडते ती अशी. चारही टायरमधला फरक साधारण २ मिमीच्या आत ठेवा, असे अनेक उत्पादक सांगतात.

तपासणीचा क्रमही ठरलेला असावा. पार्ट-टाइम यंत्रणेच्या गाडीत मधले डिफरेन्शियल नसते, म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील चुकून चालूच राहिले नाही ना, हे प्रथम पाहावे. तसे झाले असेल तर शाफ्टवर पीळ साठतो आणि ट्रान्सफरचा दांडा (फोर-व्हील जोडण्या-सोडण्याचा) अडकतो. सरळ रेषेत थोडे मागे गेल्यावर तो बहुधा सुटतो. नंतर टायरचे माप आणि हवा पाहावी. मग मोकळ्या मैदानावर स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरावे. धक्के फक्त वळणावर येत असतील तर संशय कपलिंगवर आणि त्याच्या तेलावर घ्यावा. सरळ रस्त्यावर, स्थिर वेगात आणि हलक्या अॅक्सिलरेटरला थरथर येत असेल, तरच टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचकडे (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचकडे) आणि गिअरबॉक्सच्या तेलाकडे वळावे.

उतारावर चार चाकांवर विसंबणे

चार चाकांना शक्ती मिळाल्याने ब्रेक लागण्याचे अंतर कमी होत नाही. मॅन्युअलमध्ये निसरड्या उतारावर क्लच दाबला की इंजिन ब्रेकिंग जाते. खालचा गिअर उताराच्या माथ्यावरच टाकून पाय क्लचच्या पेडलपासून दूर ठेवावा. ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये ठेवली तर ती वरचा गिअर घेऊ शकते, म्हणून मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ (खालचा गिअर) वापरावा. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) मुख्यतः ब्रेकच लावत असतो, त्यामुळे लांब उतारावर त्याच्या जोडीला खालचा गिअर हवाच.

‘पी’ टाकले म्हणजे गाडी थांबली असे मानणे

ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल असेल आणि दांडा तिथे राहिला असेल, तर गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो. त्या स्थितीत ऑटोमॅटिकचा ‘पी’ गाडी धरत नाही आणि मॅन्युअलमध्ये टाकून ठेवलेला पहिला गिअरही धरत नाही. उतारावर उभ्या केलेल्या गाडीत हे जिवावर बेतू शकते, म्हणून हँडब्रेक प्रथम आणि ‘पी’ किंवा गिअर नंतर, हा क्रम दोन्ही प्रकारांत सोडू नये.

बंद पडलेली गाडी ओढून नेतानाही गिअरबॉक्सचा प्रकार आडवा येतो. दोन चाके उचलून आणि दोन जमिनीवर ठेवून ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी नेली तर मधले कपलिंग काही किलोमीटरांतच भाजून निघू शकते. इंजिन बंद असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये तर तेलाचा पंपही थांबलेला असतो. वाहनपुस्तिका स्पष्टपणे दुसरे काही सांगत नसेल, तर चारही चाके उचलणारी सपाट ट्रकगाडीच मागवावी, आणि मदतीला फोन करतानाच गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे हे सांगावे.