ऐकून केसपेपर लिहिणारं सॉफ्टवेअर: पशुवैद्यकीय दवाखान्यात कसं बसवायचं

संध्याकाळच्या तीन तासांत पंचवीस पेशंट झाले, की केसपेपर रात्री दहाला आठवून लिहिले जातात. तोवर एका लॅब्राडॉरचं वजन दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असतं. तपासणीतलं बोलणं ऐकून नोंद लिहून देणारं एआय सॉफ्टवेअर यावर चांगला उपाय आहे. मात्र ते फक्त ऐकतं, त्याला दिसत काही नाही. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, लसिकाग्रंथी चाचपल्या आणि तोंडातून शब्द काढला नाही, तर नोंदीत ती जागा रिकामी राहते. काही सॉफ्टवेअर तर तिथे परस्पर ‘नॉर्मल’ भरून मोकळी होतात, आणि ते जास्त वाईट. म्हणून सॉफ्टवेअर बसवायला अर्धा तास लागत असेल, तर तपासताना बोलायची सवय लागायला दोन-तीन आठवडे धरा.

विकत घेण्याआधी एक आठवडा मोजमाप करा. जुन्या २० नोंदी काढून वजन, तापमान आणि मिलिग्रॅममधला डोस किती नोंदींत लिहिलाय ते पाहा. रोज दवाखाना बंद करताना किती केसपेपर अर्धवट राहिले, तेही लिहा. हे आकडे हाताशी नसले, तर महिन्याभराने ‘बरं चाललंय’ यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही.

निवड

डेमोत सगळीच सॉफ्टवेअर छान चालतात, कारण तिथे शांत खोलीत एक माणूस सावकाश इंग्रजी बोलत असतो. प्राण्यांच्या मालकांना विचारून आपल्याच दवाखान्यातली पाच बोलणी रेकॉर्ड करा: मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ, डोक्यावर पंखा, बाहेर भुंकणं. तीच पाच प्रत्येक सॉफ्टवेअरला द्या आणि निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचा.

विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. आवाज कुठे साठतो आणि कधी पुसला जातो? आमच्या रेकॉर्डिंगवर तुमचं मॉडेल शिकवता का? जे बोललं गेलं नाही तिथे ‘नोंद नाही’ असं लिहिता येईल का? तयार नोंद आमच्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये आपोआप जाते, की हाताने चिकटवायची? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर बाकीचं ऐकायची गरज नाही.

माणसांच्या डॉक्टरांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर स्वस्त मिळालं तरी टाळा. ‘मम्माने सकाळी गोळी दिली, पण बाळाने थुंकून टाकली’ हे वाक्य आपल्याकडे रोजचं आहे. यातली मम्मा म्हणजे मालकीण आणि बाळ म्हणजे सहा वर्षांचा बोका, हे त्या सॉफ्टवेअरला उमगेलच असं नाही.

माइक

फोन टेबलावर ठेवून काम भागत नाही. स्टीलच्या टेबलावर नखं वाजतात, ट्रे सरकतो आणि ते सगळं बोलण्यापेक्षा मोठ्याने रेकॉर्ड होतं. कॉलरला लावायचा वायरलेस क्लिप माइक घ्या. हनुवटीपासून साधारण एक वीत खाली लावा. स्टेथोस्कोपची नळी ज्या बाजूला लोंबते त्याच्या उलट बाजूला, नाहीतर दर दोन मिनिटांनी खरखर ऐकू येते. टेबलावर रबरी मॅट टाका, जनावरही घसरत नाही. केस कापायचं मशीन चालू असताना रोगाचं निदान बोलू नका.

हृदय-फुप्फुसं ऐकताना रेकॉर्डिंग थांबवा. आवाजाचं मजकुरात रूपांतर करणारी काही मॉडेल शांततेच्या तुकड्यात कोणीच न बोललेली वाक्यं लिहितात. ओपनएआयच्या व्हिस्परबाबत हा दोष अभ्यासांत दिसून आला आहे.

परवानगी

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मालकाचं नाव, फोन नंबर, आवाज यांच्यासाठी आहे. कुत्र्याचा त्यात संबंध नाही. काउंटरवर मराठीत पाटी लावा आणि तपासणीआधी तोंडीही विचारा: ‘केसपेपर लिहिण्यासाठी आपलं बोलणं रेकॉर्ड करतोय, नोंद झाली की पुसून टाकू. चालेल ना?’ नको म्हणाले तर बंद, कारण विचारायचं नाही. पैशांच्या गोष्टी निघाल्या की रेकॉर्डिंग थांबवा.

मोठ्याने तपासणी

लंगडणाऱ्या कुत्र्याचं उदाहरण घेऊ. तपासताना डॉक्टरांनी असं बोलायचं: ‘वजन एक दोन पॉइंट चार किलो. तापमान एक शून्य एक पॉइंट आठ फॅरेनहाइट. हिरड्या गुलाबी, सीआरटी दोन सेकंदांपेक्षा कमी. उजवा मागचा पाय, गुडघ्याला सूज, वाकवताना दुखतंय. डावा मागचा ठीक.’ (सीआरटी म्हणजे हिरडी दाबून सोडल्यावर तिचा रंग परत यायला लागणारा वेळ.) मालकालाही काय चाललंय ते कळतं, हा वरचा फायदा.

आकडे सुटे उच्चारायचे. ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ यांत गफलत व्हायला एक भुंकणं पुरतं. आपले पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच तर रेकॉर्डिंगपुरते बाजूलाच ठेवा. ‘पाव गोळी’ची ‘पाऊण गोळी’ झाली, की डोस तिप्पट होतो. या कुत्र्याला पहिल्या दिवशी मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक किलोला ०.२ मिलिग्रॅम द्यायचं, म्हणजे सुमारे २.५ मिलिग्रॅम. मिलीलिटरला ५ मिलिग्रॅम असलेल्या इंजेक्शनचे ते ०.५ मिली होतात. बोलताना ‘पॉइंट पाच’ म्हटलं आणि पॉइंट गिळला गेला, तर नोंदीत ५ मिली येतं, दसपट. म्हणून ‘शून्य पॉइंट पाच मिली, म्हणजे दोन पॉइंट पाच मिलिग्रॅम’ असं दोन्ही मापांत सांगा. दोन आकडे जुळले नाहीत, की चूक लगेच डोळ्यांत येते.

दुसरा सापळा मराठीचाच. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘उलटी झाली नाही’मधला ‘नाही’ भुंकण्यात बुडाला, की ‘उलटी झाली’ उरतं. ‘खात नाही असं नाही, पण…’ याचं तर काहीही होऊ शकतं. मालकाचं बोलून झालं की डॉक्टरांनी एका वाक्यात बांधून घ्यावं: ‘म्हणजे भूक कमी, उलटी नाही, शी घट्ट.’

मालकाची ‘उलटी’ही तपासून घ्या. पोटातून जोर लावून काढलेलं, खाल्लेलं तसंच घरंगळत बाहेर आलेलं आणि खोकून आलेला फेस, तिन्हींना घरी उलटीच म्हणतात. सॉफ्टवेअरही तेच लिहील. तुम्ही वेगळा शब्द उच्चारलात, तरच नोंदीत फरक दिसेल.

सॉफ्टवेअरच्या शब्दसंग्रहात दवाखान्यात खरोखर वापरातली शंभरेक औषधं ब्रँडच्या नावांसकट भरा. सेफोटॅक्सिम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या जवळच्या नावांच्या जोड्या वेगळ्या लिहून ठेवा. लसीचा बॅच नंबर मात्र कानावर सोडायचा नाही, स्टिकर चिकटवा. आणि एकाच घरची दोन मांजरं आली, तर दोन रेकॉर्डिंग.

पहिले दोन आठवडे

एकच डॉक्टर, आणि सुरुवातीला त्वचा, कान, जुनाट लंगडणं अशाच केसेस. यांची नोंद लांब असते, त्यामुळे वाचलेला वेळ दिसतो. लसीकरणाच्या दोन ओळींसाठी माइक कशाला? गोचीड-तापाची गर्दी असेल ते दिवस आणि रविवार सुरुवातीसाठी टाळा. पहिल्या आठवड्यात रोज पाच पेशंटची नोंद हातानेही लिहा आणि दोन्ही जुळवा.

चुकांची वही ठेवा. रकाने पाच: आकडा, औषध, डावं-उजवं, नकार, कोण बोललं. दोन आठवड्यांनी कुठला रकाना भरलाय ते पाहिलं, की उपाय समजतो. डावं-उजवं चुकत असेल तर डॉक्टर ‘हा पाय’ म्हणतायत. ‘कोण बोललं’ भरला असेल तर माइक मालकाच्या बाजूला आहे.

नोंद डॉक्टरांनी वाचून मंजूर केल्याशिवाय मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. रिसेप्शनला तो अधिकारच देऊ नका. वाचायचा क्रम ठरवा: प्राण्याचं नाव आणि वजन, औषध-डोस, बाजू, नकार, शेवटी पुढची तारीख. एक-दीड मिनिटाचं काम आहे. तीन मिनिटं लागत असतील तर नोंदीचा साचा फुगलाय, कापा.

दोन आठवड्यांनंतरही आकड्यांच्या चुका कमी होत नसतील, तर संपूर्ण संभाषण ऐकवायचा हट्ट सोडा. मालक बाहेर गेल्यावर चाळीस सेकंदांत डॉक्टरांनी एकट्याने सारांश बोलायचा, सॉफ्टवेअरने तो साच्यात बसवायचा. गजबजलेल्या एका खोलीच्या दवाखान्याला बहुतेक वेळा हेच मानवतं.

गोठ्यावरच्या व्हिजिटला तर पहिल्यापासून हेच करा. गोठ्यात वारा, कडबाकुट्टी आणि चार जण एकदम बोलणारे. गाडीत बसा, काचा वर करा, मग बोला. रेंज नसेल तर ऑफलाइन रेकॉर्ड होतं का, हे घरून निघण्याआधीच पाहा. गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी नंबर उच्चारू नका, त्याचा फोटो काढा.